ब्लाइंडवर दोन जोड्या लागूनही स्टॅक का जातो?

कुडाळ-सावंतवाडीपासून रत्नागिरी-चिपळूणपर्यंतची जी मंडळी सुट्टीला पणजीला जाऊन पोकरच्या लाइव्ह टेबलवर बसतात, त्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. बिग ब्लाइंडवर (जिथे पत्ते बघायच्या आधीच सक्तीची मोठी रक्कम टाकावी लागते) फुकटात फ्लॉप (मधल्या बोर्डवर उघडणारे पहिले तीन सामाईक पत्ते) पाहायला मिळाला, हातातल्या दोन्ही पत्त्यांना जोड लागली, आणि तरी पदरात पडला चिमूटभर पॉट (मधे जमलेले पैसे). पुढच्या वेळी तसाच हात लागला तेव्हा पुढ्यातला अख्खा स्टॅक, म्हणजे सगळ्या चिप्स, गेला. जिंकलो तर थोडं, हरलो तर सगळं, असं सारखं होत असेल तर खेळण्यात कुठेतरी नेमका बिघाड आहे आणि तो शोधून दुरुस्त करता येतो.

माझ्या मते हा बिघाड दोन ठिकाणी असतो. फ्लॉपवर जिथे पैसे लावायचे तिथे आपण गप्प बसतो, आणि रिव्हरवर (बोर्डच्या शेवटच्या, पाचव्या पत्त्यावर) जिथे पत्ते टाकायचे तिथे कॉल करतो (समोरच्याइतके पैसे टाकतो). दोन्हीचं मूळ एकच. आपण आपल्या दोन पत्त्यांकडे बघत राहतो आणि पॉट कसा तयार झाला ते बघायचं राहून जातं. आत किती जण आहेत, रेझ कुणी केला (रक्कम कुणी वाढवली) होता, मागे किती चिप्स उरल्यात, यावरून दोन जोड्यांची किंमत ठरते. त्याच दश्शी-नव्वीवर एका पॉटमध्ये ऑल-इन जाणं (सगळ्या चिप्स लावणं) बरोबर असतं आणि दुसऱ्यात रिव्हरची एक बेट (समोरच्याने लावलेली रक्कम) कॉल करणंही महाग पडतं.

ही सवय येते कुठून

आपल्याकडे पत्त्यांची ओळख बहुतेकांना चतुर्थीत होते. गावच्या घरी आरत्या-भजनं आटोपली की जाग्रणाला मेंढीकोट, रमी, नाहीतर तीन पत्ती. तीन पत्तीत हातात तीनच पत्ते, त्यामुळे साधी जोडीसुद्धा वजनदार वाटते. ती साधारण १७ टक्के वेळा येते, आणि दोन जोड्या हा प्रकार तिथे नाहीच. पोकरमध्ये हातातले दोन आणि बोर्डवरचे पाच अशा सात पत्त्यांतून पाच निवडायचे असतात. शेवटच्या पत्त्यापर्यंत गेलं तर दोन जोड्यांचा हात जवळपास २३.५ टक्के वेळा बनतो, म्हणजे चार हातांमागे जवळजवळ एकदा. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर आणि पोकरमध्ये फ्लश (म्हणजे कलर) स्ट्रेटच्या (म्हणजे सिक्वेन्सच्या) वर, हा फरक नवा माणूस पहिल्याच दिवशी पाठ करतो. जोडीची उतरलेली किंमत अंगवळणी पडायला मात्र फार वेळ लागतो.

त्यात फ्लॉपवरच, हातातले दोन्ही पत्ते वापरून दोन जोड्या लागणं हे दुर्मीळ. हातात मुळात जोडी नसेल तर असं सुमारे २ टक्के वेळा घडतं, ४९ फ्लॉपमागे एकदा. लाइव्ह टेबलवर तासाला २५-३० हात होतात. नऊ जणांच्या टेबलवर दोन्ही ब्लाइंड मिळून तासाला सहाएक हात वाट्याला येतात. प्रत्येकाचा फ्लॉप पाहिला असं धरलं तरी आठ तासांत एकदा हा योग. इतक्या वेळाने आलेला हात माणूस सोडायला तयार होत नाही, आणि तो खेळायचा सरावही होत नाही.

दुसरी सवय ॲपवरची. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि पैशाचं पोकर फोनवरून गेलं. ज्यांना खेळायचंय ते आता मांडवीतल्या कॅसिनो बोटींकडे वळतात, कारण गोव्याच्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ आणि १९९६ साली दुरुस्त्या होऊन तिथे हे चालतं. (महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. घरी सराव करायचा तो निव्वळ चिप्सवर, पैशाविना.) ॲपवर समोरचा सारखा बेट करायचा, म्हणून ब्लाइंडवरून चेक करून (पैसे न लावता पाळी पुढे देऊन) रेझ मारणं तिथे फळायचं. लाइव्ह टेबलवर लोक कॉल भरपूर करतात आणि बेट स्वतःहून कमी करतात. तिथे ही युक्ती अर्ध्या वेळा रिकामी जाते.

आधी एवढं तपासा

तुमच्या दोन जोड्यांतली एक जोडी बोर्डवरच पडलेली असेल तर ती सगळ्यांची आहे. हातात एक्का-नव्वी, बोर्डवर राजा-राजा-नव्वी, ही खेळायच्या दृष्टीने एकच जोडी. पुढचं सगळं हातातल्या दोन्ही पत्त्यांना लागलेल्या जोडीबद्दल आहे.

लिंप झालेला पॉट

खरा घोटाळा इथेच होतो, म्हणून एक हात पत्त्यापत्त्याने बघू.

ब्लाइंड १००/२०० (स्मॉल १००, बिग २००), प्रत्येकापुढे २०,०००. तिघांनी रेझ न करता नुसता २०० चा कॉल दिला (हाच लिंप), स्मॉल ब्लाइंडने उरलेले १०० टाकले, तुम्ही चेक. पाच जण आत, पॉट १,०००. तुमच्या हातात इस्पिकची अठ्ठी आणि बदामची पंजी. फ्लॉपवर चौकटची अठ्ठी, किलवरची पंजी, चौकटची दुर्री. स्मॉल ब्लाइंडचा चेक. आता तुम्ही.

इथे चेक करणाऱ्याचं म्हणणं असतं की मागचा कुणीतरी बेट करेल, मग रेझ मारू. पण मागे कोण आहे? चौकटचे दोन पत्ते धरून बसलेला फ्लशवाला आहे, त्याला फुकट पत्ता हवाच आहे. सत्ती-छक्कीवाला आहे, त्याचा स्ट्रेट दोन्ही टोकांनी जमू शकतो. एक्का-अठ्ठीवाला आहे, तो किकर (जोडीसोबतचा दुसरा पत्ता) चांगला असूनही चौघांना बघून बिचकतो. तिघेही चेक करतात आणि टर्न, म्हणजे चौथा पत्ता, फुकट उघडतो.

८०० लावा. फ्लशवाल्याला ८०० टाकून १,८०० जिंकायचे आहेत, म्हणजे त्याला जवळपास ३१ टक्के संधी हवी. पुढच्या एका पत्त्यावर त्याची संधी २० टक्क्यांच्या आत-बाहेर. त्याच्या नऊ पत्त्यांतली चौकटची पंजी आली तर फ्लश त्याचा पण फुल हाउस (एका अंकाचे तीन, दुसऱ्याचे दोन) आपला, तेव्हा उपयोगाचे पत्ते आठच. तो कॉल करणार, आणि त्याने करावा हेच आपल्या फायद्याचं आहे. २०० ची लाजरी बेट लावली तर मात्र त्याला १,२०० साठी २०० मोजायचे, ते त्याला परवडतं.

समजा दोघांनी कॉल केला. पॉट ३,४००. टर्नवर किलवरचा राजा. त्याने कुणाचा फ्लश किंवा स्ट्रेट पुरा केला नाही. २,४०० लावा. आता एकच जण राहिला, समजा मालवणकडचे मच्छीचा व्यापार करणारे एक काका. ते शांतपणे चिप्स पुढे सरकवतात. पॉट ८,२००. रिव्हर चौकटची नव्वी.

फ्लश पुरा झाला, सत्ती-छक्कीचा स्ट्रेटही झाला. तुम्ही चेक केलं आणि दोन वेळा नुसता कॉल देणाऱ्या काकांनी ५,००० पुढे केले.

"काका, खरंच लागला?"

"खोटा कित्याक बोलू, बाबू? पत्ते टाक."

त्यांचं बोलणं बाजूला ठेवा, त्यांनी काय केलं ते आठवा. लिंप, कॉल, कॉल, आणि नेमका चौकटचा पत्ता पडल्यावर आयुष्यातली पहिली बेट असावी तसे ५,०००. तुम्हाला ५,००० टाकून १३,२०० जिंकायचे आहेत, म्हणजे २७.५ टक्के वेळा तरी तुमचा हात पुढे असायला हवा. असा खेळणारा माणूस दहातून तीन वेळा इथे थाप मारत असेल का? माझं उत्तर ठामपणे "नाही" असं आहे. पत्ते टाका. या हातात गेले ३,४००, पुढ्यात राहिले १६,६००.

रिव्हरला पत्ते टाकता येत असतील तरच फ्लॉपची ती ८०० ची बेट फायद्याची ठरते, हे नीट ध्यानात घ्या. काकांच्याही पुढ्यात १९,००० होते म्हणूनच ते पाठलाग करत होते. लागल्यावर त्यांना पुढचे ५,००० मिळतच असतील तर फ्लॉपला त्यांनी मोजलेले ८०० स्वस्त झाले. आपण आधी पैसे मागतो आणि नंतर देत नाही, या दोन्ही गोष्टी मिळून तो फायदा बनतो. एक केली आणि दुसरी सोडली की तुमची जुनी तक्रार परत सुरू.

आणि रिव्हरला इस्पिकची राणी आली असती तर? तिसरी बेट लावा, ४,५०० च्या आसपास. इथे बहुतेक जण चेक करून सुस्कारा सोडतात. ज्याने दोन वेळा कॉल केला तो एक्का-अठ्ठीवर किंवा राजाच्या जोडीवर तिसऱ्यांदाही करतो. लाइव्ह टेबलवर दोन जोड्यांची खरी कमाई या तिसऱ्या बेटमध्ये आहे.

आता उलटा प्रश्न. या पॉटमध्ये फ्लॉपलाच कुणी तुमच्या ८०० वर ३,००० केले आणि टर्नला उरलेले सगळे पुढे ढकलले, तर? लिंप करणाऱ्याकडे मोठी जोडी सहसा नसते, असती तर त्याने आधीच रेझ केला असता. मग १,००० च्या पॉटसाठी २०,००० कशावर लावतोय? बहुतेक दुर्रीच्या सेटवर (हातात जोडी आणि बोर्डवर तिसरी). कधीमधी सत्ती-छक्कीवर उडी मारणारा असतो, आणि तुम्हाला तो माहीत असतो. फ्लॉपचा रेझ कॉल करा, टर्नला थांबून विचार करा. पॉटच्या वीसपट स्टॅक मागे असताना अठ्ठी-पंजीवर सगळं लावायची सक्ती नाही.

रेझ झालेला पॉट

इथे चित्र बदलतं. त्याच ब्लाइंडवर, तुमच्या लगेच डावीकडच्याने १,००० केले, मधल्या एकाने आणि बटणने (फ्लॉपनंतर शेवटी पाळी येणाऱ्या जागेने) कॉल दिला, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले. तुमच्याकडे किलवरची दश्शी-नव्वी, तुम्हीही आत. पॉट ४,१००, मागे १९,०००. आता स्टॅक पॉटच्या पाचपटसुद्धा नाही.

फ्लॉप: बदामची दश्शी, इस्पिकची नव्वी, चौकटची तिर्री.

समोर काय असू शकतं ते मोजून बघा. एक दश्शी तुमच्या हातात, एक बोर्डवर, उरल्या दोन, म्हणजे दश्श्यांचा सेट बनायची रीत एकच. नव्व्यांचीही एक. तिर्रीच्या तीन. एकूण पाच. गुलाम, राणी, राजा, एक्का यांच्या जोड्यांच्या प्रत्येकी सहा, एकूण २४. मोठा रेझ करून आलेल्या माणसाकडे तुम्हाला हरवणारे पाच आणि तुमच्यापुढे हरणारे २४ असं हे गणित आहे. याच कारणासाठी इथे सगळं लावायचं आणि लिंपच्या पॉटमध्ये नाही.

लावायचं कसं, हे रेझ करणारा कुठे बसलाय यावर ठरतं. तो लगेच डावीकडे असेल तर चेक करा. तो बेट करेल, मागचे कॉल करतील, आणि फिरून तुमच्यापर्यंत येईपर्यंत त्यांचेही पैसे आत आलेले असतील. समजा त्याने २,५०० केले आणि बटणने कॉल दिला. पॉट ९,१००. आता ८,५०० करा. बटणने पत्ते टाकले आणि राण्यांच्या जोडीवाल्याने कॉल केला तर पॉट २३,६०० आणि तुमच्यापुढे १०,५००. टर्नला ते निम्म्या पॉटपेक्षाही कमी, म्हणून सहज आत जातात.

रेझ करणारा बटणवर असेल तर गणित उलटं. तुम्ही चेक केलं, बाकीच्यांनी केलं, त्याने बेट केली आणि लगेच पाळी तुमची. तुमच्या रेझला मधल्या मंडळींनी अजून एक पैसाही टाकलेला नसतो, ती पळून जातात. शिवाय तीन-चार जण समोर असले की एक्का-राजावाला बेट न करता फुकट पत्ता बघतो. तिथे आपणच निम्म्या पॉटपेक्षा थोडी जास्त बेट लावणं मला जास्त पटतं. एकटाच समोर असेल आणि तो नेहमी बेट करणारा असेल, तर मात्र चेक-रेझसारखं दुसरं काही नाही.

काउंटरफिट

हा प्रकार, म्हणजे बोर्डवरच जोडी पडून आपली खालची जोडी निकामी होणं, अनेकांच्या लक्षातच येत नाही आणि ते म्हणतात, "माझी टू पेअर असताना तो एका जोडीवर कसा जिंकला?" वरच्याच हातात टर्नला दुसरी तिर्री आली असं धरा. एक्क्यांची जोडी असलेल्याकडे आता एक्के आणि तिर्र्या अशा दोन जोड्या झाल्या, त्या तुमच्या दश्शी-नव्वीच्या वर. तुम्हाला एकही वाईट पत्ता आला नाही, तरी तुम्ही मागे पडलात. मोठ्या जोडीला फ्लॉपनंतर जिंकायची जी जवळपास २५ टक्के संधी असते, तिचा बराच भाग असा बोर्डच्या जोडीतून येतो. टर्नला बोर्डवरचा तिसरा, आपल्या कामाचा नसलेला पत्ता दुसऱ्यांदा पडला की हात थांबवा आणि चेक करा.

उलट तुमच्या स्वतःच्या पत्त्यांची जोडी वाढायची आशा किती ठेवावी? फुल हाउससाठी चार पत्ते. पुढच्या पत्त्यावर ८.५ टक्के, दोन्ही मिळून १६.५ टक्के. म्हणून फ्लश किंवा स्ट्रेट उघड पुरा झालेला दिसत असताना "फुल हाउस लागेल" म्हणून मोठी बेट कॉल करायची नाही.

एक नियम मी कायम सांगतो: तुमचे दोन पत्ते एकमेकांना जितके जवळ, तितका तुमच्या दोन जोड्यांना स्ट्रेटचा धोका जास्त. दश्शी-नव्वीचा बोर्ड राणी-गुलामवाल्याला, गुलाम-अठ्ठीवाल्याला, अठ्ठी-सत्तीवाल्याला, तिघांनाही आवडतो. राजा-सत्ती-दुर्रीच्या बोर्डवर असं काही नसतं. पहिल्यात मोठी बेट, दुसऱ्यात जरा लहान चालते.

स्मॉल ब्लाइंड

इथला उपाय फ्लॉपच्या आधीचा आहे. १०० टाकले की ९०० च्या पॉटमध्ये जागा मिळते, हे स्वस्त दिसतं. पण प्रत्येक फेरीत पहिली पाळी तुमची, आणि सत्ती-दुर्रीसारख्या पत्त्यांना लागलेल्या दोन जोड्या सगळ्यात खालच्या असतात. एका रंगाचे, जवळचे पत्ते असतील तर टाका १००. बाकीचे सोडून द्या.

टेबलावरच्या दोन गोष्टी

रेझ करताना आधी तोंडाने "रेझ" म्हणा. न बोलता मोठी एकच चिप पुढे टाकली तर ती कॉल धरली जाते. आधी कॉलइतक्या चिप्स ठेवून मग परत मागे हात नेऊन आणखी आणल्या तर ती स्ट्रिंग बेट, तीही कॉलच. ॲपवर बटण दाबायची सवय असलेल्याचा चेक-रेझ इथेच वाया जातो, आणि फ्लशवाला स्वस्तात पुढचा पत्ता बघतो.

दुसरं, फ्लॉप पडायच्या आधी समोरच्यांचे स्टॅक नजरेने मोजून ठेवा. मोठ्या चिप्स लहान चिप्सच्या मागे लपल्या असतील तर डीलरला विचारा, विचारण्यात कमीपणा काहीच नाही. पॉटच्या पाचपट की वीसपट, हे माहीत नसताना ८,५०० चा रेझ करणं म्हणजे अंदाजपंचे.

घरचा सराव

आठ तासांत एकदा येणारा हात टेबलवर शिकायचा म्हणजे महागाचं शिक्षण. पावसाळ्यात संध्याकाळी दोघं-तिघं जमत असाल तर जोडातून इस्पिकची अठ्ठी, बदामची पंजी आणि वरचाच फ्लॉप बाजूला काढा. एकाने ब्लाइंडवर बसायचं, दुसऱ्याने उरलेल्या जोडातून लिंप करण्याजोगे दोन पत्ते स्वतः निवडून पालथे ठेवायचे. चौकटचे दोन, सत्ती-छक्की, एक्का-अठ्ठी, दुर्रीची जोडी, काहीही. चिप्स मोजून ठेवा, पॉट १,०००, स्टॅक २०,०००. टर्न-रिव्हर काढून पूर्ण हात खेळा आणि प्रत्येक हातानंतर वहीत दोनच रकाने भरा: फ्लॉपला किती लावले, आणि रिव्हरला मोठी बेट आली तेव्हा कॉल की फोल्ड (पत्ते टाकणं). मग भूमिका बदला. काकांच्या जागी बसून पालथ्या पत्त्यांत फ्लश धरल्यावर समोरच्याकडून नेमके कुठे पैसे मिळतात, हे ब्लाइंडवर बसून कळत नाही. हाच सराव नंतर ४,१०० चा पॉट आणि दश्शी-नव्वी धरून करा, आणि त्यात रेझ करणाऱ्याला एकदा डावीकडे, एकदा बटणवर बसवा.